मी उचललेली चटई

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजपासून मी छपराखाली काम करणारा माणूस. टोमॅटोच्या शेतात वाकून वाकून पाठीची कमान झाली होती, ती आता सरळ होईल. सकाळी दाढी करता करता माझ्या खोलीतला सोलो म्हणाला, काय चौकशीसाहेब, कॉलरचा शर्ट चढवलात, आता आम्हाला ओळख तरी देणार का? मी म्हटलं, देईन, पण तक्रार घेऊन आलास तरच. त्याने दाढीचा फेस माझ्या कॉलरला पुसला आणि पळाला.

पोलिसांवरच्या तक्रारी तपासणारं हे कार्यालय साखर कारखान्याच्या पलीकडे, गावाच्या टोकाला आहे. आधी इथे जनावरांचा दवाखाना होता. भिंतीला नवा रंग दिलाय, पण खालून कुत्र्यामांजरांची चित्रं अजून दिसतात, आणि ऊन तापलं की औषधाचा वास वर येतो. पोलीस ठाण्यापासून जागा मुद्दाम लांब घेतली आहे, म्हणजे तक्रार द्यायला येणारा कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. दारंसुद्धा दोन. पुढून पोलीस आणि त्यांचे वकील, मागून तक्रारदार. त्यांची गाठ पडू द्यायची नाही, हे माझं पहिलं काम. बाकी फरशी पुसणं, हिरवळ कापणं, टपाल आणणं.

तपास अधिकारी मार्गोबाई उंच आहेत, बूट पुरुषी घालतात आणि जेवतात उभ्यानेच. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की पूर्वी पोलिसावर तक्रार आली की तपास पोलीसच करायचे. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच शेजारी बसून डबा खाणारा माणूस चौकशी करायचा. आपण त्यांचेही नाही आणि तक्रार करणाऱ्याचेही नाही. म्हणून इथे कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही, केळंसुद्धा नाही. मी विचारलं, पाणी? त्या हसल्या. म्हणाल्या, यंत्र आहे ना, ज्याचं त्याला घेऊ दे.

संध्याकाळी समुद्रापलीकडे, बेटावर आईला फोन केला. ती म्हणाली, पोलिसांत लागलास का रे? मी म्हटलं, पोलिसांवर लागलो. तिला ते इतकं आवडलं की रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगणार आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

काम सोपं आहे, पण मला बसवत नाही. दुपारी सगळं आटपतं आणि पाय वळवळायला लागतात. मग पुसलेली फरशी पुन्हा पुसतो.

आज मागच्या दाराने मेना आली. आलेसानाची बहीण. आलेसाना बेटावरच्या आमच्याच वाइमोआ गावचा, इथे कारखान्यात कामाला होता. जूनमध्ये बारबाहेर दंगा केला म्हणून हवालदार तोमासीने त्याला उचललं, आणि सकाळी तो ठाण्याच्या कोठडीजवळच्या न्हाणीत मेलेला सापडला. कपडे अंगावर, तेही चिंब. तोमासी सांगतो, पाय घसरला.

शेजारच्या कोठडीत त्या वेळी सोलो होता, त्याच दंग्यात सापडलेला. तो सांगतो, घसरला नाही. तोमासी एकच म्हणत होता, गुडघे टेक. आलेसाना म्हणत होता, तुझ्यापुढे नाही. मग पाण्याची नळी सोडल्याचा आवाज आला, मग मारल्याचा, मग कसलाच नाही. तोमासीही आमचाच, बेटावरच्या माणसांचा पोरगा, फक्त जन्म इथला. त्यामुळे सोलोला ते जास्त लागलं. परक्याने मारलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो, म्हणतो.

कॅमेरा आहे, पण न्हाणीकडे त्याचं तोंड नाही. म्हणजे २४ तारखेच्या सुनावणीत सगळं सोलोच्या तोंडी बोलण्यावर. सोलो माझ्याच खोलीत राहतो हे मी मार्गोबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, या गावात सगळेच कोणाच्या ना कोणाच्या खोलीत राहतात, फक्त घरी या प्रकरणाचा शब्द काढू नकोस. आलेसाना लांबून माझा चुलतभाऊ लागतो हे मात्र मी बोललो नाही. तसं म्हटलं तर आमच्यात कोण कोणाचा लागत नाही?

सोमवार, १३ ऑक्टोबर

गेट उघडायला गेलो तर हिरवळीवर माणसं. मागे बायका-पुरुष माना खाली घालून बसलेले, आणि त्यांच्या पुढे एकटा, डोक्यावरून चटई घेतलेला. ती घराण्यात जपून ठेवतात तसली, कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं लावलेली. मी जागच्या जागी थांबलो. इफोगा होता तो.

मार्गोबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, हा मोर्चा आहे की काय? मी सांगितलं, बाई, ज्यांच्या माणसाकडून गुन्हा झाला, त्यांच्यातला कर्ता माणूस असा चटईखाली येऊन बसतो, ज्यांचं गेलं त्यांच्यासमोर. त्यांनी मारलं तर मार खायचा. त्यांनी चटई उचलली तर माफी झाली, आणि मग त्या गोष्टीवर कोणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. चटईखाली तोमासीचे वडील होते, सेऊली. मेना घरचं दार उघडत नाही, आणि आज ती इथे जबानीला येणार हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

बाई म्हणाल्या, याला आम्ही तक्रारदारावर दबाव म्हणतो. पण म्हाताऱ्याला हिरवळीवरून उचलून नेलं तर उद्या पेपरात फोटो माझाच येणार. कोणी जवळ जाऊ नका.

मेनाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. ती म्हणाली, माझा भाऊ गुडघे टेकेना म्हणून मारला त्यांनी. आता यांनी टेकले म्हणून मी उठवू होय? बसू दे. जबानी देऊन ती मागच्या दाराने निघून गेली. पुढच्यांना ते कोणी सांगितलं नाही, कारण कोणी सांगायचं याचा नियमच नव्हता.

दुपार झाली. ऊन असं की गेटची कडी धरवत नव्हती. चटई हलायला लागली, आधी थोडी, मग जोरात, आणि एका बाजूला कलली. ऐंशीच्या घरातला माणूस. बाई फोनवर होत्या. मी यंत्रातून पाण्याचा पेला भरला आणि गेलो. पाणी पाजायला चटई वर करावी लागते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हाताऱ्याचे ओठ फुटले होते. त्यांनी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझी दोन्ही मनगटं धरली. विचारलं, बाळा, कुणाचा तू? आमच्यात कोणी असं विचारलं की जीभ थांबत नाही. मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी नातं मनात जुळवलेलं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग ते रडायला लागले, आणि मागचे सगळे रडायला लागले, आणि मला कळलं की मी काय केलंय.

ते चटई माझ्या हातात देऊन गेले. प्रथा तशीच आहे. मी ती मागच्या शेडमध्ये गवताच्या यंत्रामागे ठेवली. बाईंना म्हटलं, नुसतं पाणी दिलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सगळ्यांना कळलं. कारखान्यात, चर्चमध्ये, बेटावर माझ्या आईलासुद्धा. आईचा आवाज वेगळाच होता. म्हणाली, एवढा मोठा कधी झालास रे, की मेलेल्याच्या वतीने माफ करायला लागलास?

सोलो आज हसत हसत घरी आला. म्हणाला, उसो, सोडवलंस मला. आमच्यात उसो म्हणजे भाऊ. म्हणाला, मला कुठे हौस होती सगळ्यांसमोर उभं राहून आपल्याच पोरावर बोट दाखवायची. तू आलेसानाच्या घरातला, तू चटई उचललीस, आता माझं तोंड बंद. मी म्हटलं, मी पाणी द्यायला गेलो होतो. तो म्हणाला, मग पेला द्यायचास, चटई कशाला उचललीस?

संध्याकाळी मेना कुंपणाशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. ओरडलीही नाही. म्हणाली, तो कोठडीत नाही वाकला. तू वाकवलंस त्याला. आणि गेली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल कुठेतरी ऊस पेटवला होता. सकाळी सगळीकडे काळी राख, कठड्यावर, गाड्यांवर, हिरवळीवर. झाडू घेऊन गेलो तर मधोमध एक जागा स्वच्छ होती. बसलेल्या माणसाएवढी. राख पडताना तिथे कोणी बसून होतं असं. गवतात दोन खळगे होते, गुडघ्यांचे, आणि त्यांत पाणी साचलेलं. इथे दोन महिन्यांत पाऊस नाही.

म्हातारा पुन्हा आला असेल, असं मी ठरवलं. खळगे बुटाने दाबून सारखे केले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

शेडमध्ये चटई ओली सापडली. वर नळ नाही, छप्पर गळत नाही. उन्हात कुंपणावर वाळत घातली आणि टपाल आणायला गेलो.

परत आलो तर ती हिरवळीवर होती. वर उठलेली, खाली माणूस असल्यासारखी. डोक्याचा गोल, खांद्यांचा उतार. तोंड माझ्याकडे. मी हाक मारली, आजोबा, सेऊली आजोबा. चटई जराही हलली नाही. पिसांवरून पाणी ठिबकत होतं.

मार्गोबाई गाडीतून उतरल्या, फोनवर बोलत सरळ येत होत्या, आणि चटईजवळ आल्यावर हिरवळ सोडून तिला वळसा घालून गेल्या. बघितलं नाही, बोलणं थांबवलं नाही. पाय आपोआप वळले. मी नंतर विचारलं, बाई, तुम्ही बाजूने का आलात? त्या म्हणाल्या, कुठे?

बाईंनीच मग सांगितलं की सोलोने निरोप पाठवलाय, तो सुनावणीला येणार नाही. तो नाही आला तर तोमासीचं बोलणं तेवढं उरतं आणि प्रकरण बंद होतं. त्यांनी मला विचारलं, तुझ्या कानावर काही आलंय का? मी नाही म्हटलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

चर्चमध्ये तोमासीने मला मिठी मारली. माझ्याच वयाचा आहे. दंड मोठे, बोलणं मऊ. म्हणाला, उसो, मला परत झोप यायला लागली. जेवायला घरी बोलावलं. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. तो हसून म्हणाला, तुमच्या ऑफिसातला चहाच तसा असणार.

प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथल्या गुडघे टेकायच्या फळीवर दोन ओले गोल उमटले. फळी वजनाने कुरकुरली.

मला गुडघे टेकवले नाहीत. मी एकटाच उभा राहिलो, लोक बघत होते.

सोमवार, २० ऑक्टोबर

चटईखालचा आता आत आहे. पुढच्या खोलीत, खुर्च्यांच्या मधे, जमिनीवर. मागच्या दाराने तक्रारदार येतो आणि पुढच्या दाराने पोलीस, आणि हा कुठल्या दाराने आला ते मला माहीत नाही.

लोक वळसा घालून जातात. टपालवाला, वकील, सगळे. एक बाई लहान मूल घेऊन आली होती, ते मूल मात्र चटईकडे बघून थांबलं आणि आईच्या पायांमागे गेलं.

मी फरशी पुसतो. पाणी पुन्हा येतं.

इफोगाला कोणाकडे तोंड करून बसतात? ज्याच्याकडे माफी मागायची त्याच्याकडे. तो माझ्याकडे तोंड करून बसलाय. मेलेला माणूस माझी माफी मागत बसलाय, कारण मी त्याला गुडघ्यांवर आणलंय, आणि मी उठवत नाही तोवर —

उठवायचा म्हणजे चटई उचलायची. ते माझ्याने होणार नाही. खाली तोंड असेल.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

मार्गोबाईंना सगळं सांगितलं. चटई उचलल्याचं, नात्याचंही. पुढच्या खोलीत कोण बसलंय ते नाही सांगितलं.

त्या चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, कायद्याने त्या चटईला काडीची किंमत नाही, पण माझा साक्षीदार तिच्याखाली गेला. नातं लपवलंस म्हणून शुक्रवारनंतर तुला कामावर ठेवता येणार नाही. हे मी वरच्यांना कळवणार आहे, कारण दुसऱ्याने लपवलं असतं तर त्याचंही कळवलं असतं. मग त्या खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, इथे नळ कुठे गळतोय, बघ जरा.

बुधवार, २२ ऑक्टोबर

खोलीत आलाय. दोन खाटांच्या मधे. सोलो आपल्या खाटेवर जाताना भिंतीला घासून गेला.

मी त्याला म्हटलं, बोल रे शुक्रवारी. मी चुकून उचलली, मला हक्क नव्हता. सोलोला आज एकही टोमणा सुचला नाही. म्हणाला, मला सांगून काय उपयोग? जशी उचललीस तशी डोक्यावर घे. मेनाच्या दारात बस. तिने उचलली तर तुझं उचलणं पुसलं, मग मी बोलतो. नाही उचलली तर नाही.

मी विचारलं, तुला इथे काही दिसतंय का, आपल्या मधे? तो म्हणाला, नाही. पण मी तिथे पाय ठेवणार नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

बसायचं तर चटई हवी. चटई त्याच्या अंगावर.

सकाळभर दारात उभा. आत जातो, बाहेर येतो. पळून जायचं मनात आलं, बसच्या थांब्यापर्यंत गेलोही. तिथे बाकाजवळची फरशी ओली होती.

परत आलो. डोळे मिटून कड धरली आणि ओढली —

खाली कोणी नाही. नुसती ओली फरशी. चटई हातात, जड, कोणी अजून आत असल्यासारखी जड. घडी होईना.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

मेनाचं दार. उजाडताच येऊन बसलो. सुनावणी दहाला. सोलो रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा आहे, मार्गोबाईंच्या गाडीजवळ. मेनाने चटई उचलली तर तो गाडीत बसेल.

हात रिकामे राहिले तर मी पळेन, म्हणून लिहितोय. विणीतून उजेड येतो, तेवढा पुरतो.

ऊन चढलं. दार उघडलं नाही. चटईखाली गरम व्हायला पाहिजे. होत नाही. डाव्या बाजूला गार आहे.

डावा खांदा भिजला.

श्वास दोन आहेत. माझा मी थांबवून बघितला —

मनात म्हणतोय, आलेसाना, मला हक्क नव्हता. ऊठ तू. माफी मी मागतो, तू कोणाची मागू नकोस. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलाय. बघणार नाही. कागदाकडेच बघणार.

दार वाजलं. मेनाची पावलं. थांबली.

ती विचारते, एकटा नाहीस का? कोणाला आणलंस बरोबर?

सोलो तिकडून ओरडतोय, एकटाच आलाय तो, मेना, एकटाच —

ती म्हणते, मग दोघं का दिसतात?

जवळ आली. पाय दिसतात. अनवाणी. माझ्यापुढे नाही थांबली. डावीकडे गेली. खाली बसली, हात कडेशी घातला. हळू विचारते, तू आहेस का रे —

उचलतेय. माझ्या बाजूने नाही, त्याच्या